सुलतान बाजारातील गेलेली दुकाने
(शतकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



हैदराबादेत नव्याने आलेल्या पाहुण्याने आबिड्सला जायचे म्हटले तर कोणीही रिक्षावाला त्याला तिथे नेऊन सोडतो. उतरल्यावर मात्र ‘आबिड कुठे?’ असे त्याने विचारले, तर त्याला उत्तर मिळत नाही. आल्बर्ट आबिड हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या खासगीतील सेवक. एकदा घातलेला पोशाख हुजूर पुन्हा अंगाला लावीत नसत, अशी त्यांची ख्याती होती, आणि पुराण्या हवेलीतील त्यांच्या कपड्यांचे लांबच लांब दालन त्या ख्यातीची साक्ष देते. या आबिडने दुकान थाटले. हुजुरांकडून उतरलेल्या वस्तू त्याच दुकानातून पुन्हा हुजुरांनाच विकल्या जात, अशी आख्यायिका शहरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. खरेखोटे त्या आबिडलाच ठाऊक. महबूब अली खान १९११ साली निवर्तले. दुकानही पुढे गेले. उरले ते केवळ नाव. मुंबईत केम्प कंपनीचे औषधांचे दुकान गेले आणि केम्प्स कॉर्नर मागे राहिला, त्यातलाच हा प्रकार.

परंतु हे भाग्य बड्या दुकानांचे. किराणा, कापड, भांडी, पूजेचे सामान आणि शाळेच्या वह्या विकणाऱ्या लहान दुकानांची नावे रस्त्यांना मिळत नाहीत. पाटी उतरली की काही वर्षे शेजारीपाजारी पत्ता सांगताना ते नाव घेतात, आणि मग तेही थांबते. आजच्या भाषणाचा विषय ही पाटी उतरलेली दुकाने हा आहे. आणि त्यांतही विशेषेकरून सुलतान बाजार, बडी चावडी, हनुमान टेकडी, गौळीगुडा आणि काचीगुडा या टापूतील मराठी दुकाने.

हा टापू मुळात वाढला तो कोठीच्या आश्रयाने. कर्कपॅट्रिकने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधविलेली रेसिडेन्सीची इमारत मुसीच्या उत्तर तीरावर, जुन्या शहराच्या तटाबाहेर होती. तिच्या भोवतालच्या बाजारात इंग्रजी अंमल चाले. निजामी दरबारच्या लहरीपासून आपली तिजोरी सुरक्षित राहावी, या हेतूने सावकारांनी इथे पेढ्या थाटल्या; पेढ्यांमागून सराफ आले, सराफांमागून कापडवाले, आणि त्यांच्यामागून सर्व प्रकारचा किरकोळ व्यापार. १९३३ साली हा भाग निजामाकडे परत आला, तेव्हा रेसिडेन्सी बाजार हे जुने नाव मागे पडले आणि सुलतान बाजार हे नाव रूढ झाले. वकिली, शिक्षकी आणि सरकारी नोकरी करणारी मराठी कुटुंबे याच परिसरात वस्तीला होती. केशवराव कोरटकर आणि वामन नाईक यांच्या पिढीने १९०७ साली विवेकवर्धिनी शाळा सुरू केली ती याच वस्तीच्या बळावर, आणि हे ग्रंथालयही त्याच मातीतले.

इथल्या मराठी दुकानाची घडण साधारणपणे ठरलेली असे. रस्त्यापासून दोन-तीन पायऱ्या, आणि दाराऐवजी लाकडी फळ्या. त्या सकाळी एकामागून एक काढायच्या आणि रात्री उलट क्रमाने बसवायच्या, म्हणून प्रत्येकीवर आकडा लिहिलेला. आत गादी, तक्क्या आणि उतरते मेज. मागे कप्पे, डबे, बरण्या. छताला टांगलेले दोऱ्याचे रीळ, आणि त्या दोऱ्याने कागदाची पुडी चार वेढ्यांत बांधून एका झटक्यात तोडण्याचे कसब. नव्या नोकराला ते कसब साधायला महिना लागे. पोहे, वरई, मेतकूट, गोडा मसाला, कोकम, अष्टगंध, जानवी, रांगोळी आणि मार्गशीर्षापासून ज्याची चौकशी सुरू होई ते नव्या वर्षाचे पंचांग, असे सामान शहरात इतरत्र सहसा मिळत नसे. कापडाच्या दुकानात खण, इरकली लुगडी, धोतरजोड्या आणि मांजरपाट. दिवाळी अंकांचा गठ्ठा स्थानकावरून आला म्हणजे तो सोडण्यापूर्वीच चार गिऱ्हाइके उंबऱ्याशी उभी असत. आणि ग्रंथालयाच्या चिटणिसांना अंक मिळण्याआधी दुकानदाराने तो वाचून टाकलेला असे, अशी तक्रारही त्या काळी केली जाई!

या दुकानाने जे विकले त्यापेक्षा जे बोलले ते महत्त्वाचे होते, असे विचाराअंती वाटते. गादीवरचा माणूस एकाच तासात चार भाषा बोले. गावाकडून आलेल्या शेतकऱ्याशी तेलुगू, हमालाशी दखनी, कचेरीतून आलेल्या कागदापुरती उर्दू, आणि घरच्या गिऱ्हाइकाशी मराठी. महाराष्ट्रात राहणाऱ्याला याचे महत्त्व जाणवणार नाही, कारण तिथे बाजाराची भाषा मराठीच असते. हैदराबादेत मराठी मुलाला घराच्या आणि शाळेच्या बाहेर मराठी कानी पडण्याची जागा म्हणजे हे दुकान. आईने यादी सांगायची, मुलाने ती पाठ करीत जायचे, आणि वाटेत एखादा जिन्नस विसरला तर दुकानदाराने आठवण करून द्यायची, ‘सुंठ राहिली का रे? घरी बाळंतीण आहे ना तुमच्या?’ शेर, अच्छेर, पावशेर, छटाक ही मापे पुस्तकात शिकवून कोणाच्या लक्षात राहिली नसती. १९५७ साली दशमान नाणी आली, १९६२ पासून मेट्रिक वजने सक्तीची झाली, आणि ही मापे कायद्याने गेली. परंतु शाळू म्हणजे कोणती ज्वारी, डाळ आणि चुणी यांत भेद काय, दोरव्याचे कापड कसे ओळखावे, हे शब्द कोणत्याही कायद्याने काढून टाकलेले नाहीत. ते वापरण्याची जागा नाहीशी झाली म्हणून ते गेले. घरात जपलेली भाषा देवघराची, स्वयंपाकघराची आणि माजघराची राहते. घासाघीस करण्याची, हुज्जत घालण्याची, हिशेब मागण्याची भाषा दुसरी होऊन बसते. हैदराबादच्या मराठी घरांत ती कधीच दुसरी झाली आहे.

हिशेबाचा विषय निघालाच आहे तर नाण्यांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. निजामी राज्याचा रुपया तो हाली, आणि इंग्रजी सरकारचा तो कलदार. सहा कलदार म्हणजे सात हाली; शंभर कलदाराला ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजावे लागत. हा बट्टा तोंडी करता येणे ही दुकानदाराची पहिली परीक्षा. हाली सिक्का १९५९ पर्यंत चलनात होता, म्हणजे राज्य गेले तरी त्याचे नाणे दहा-अकरा वर्षे गल्ल्यात खुळखुळत राहिले. तारखांचेही तसेच. कीर्दीच्या पानावर शके असे, सरकारी व्यवहारासाठी फसली सन असे, आणि सोलापूर-मुंबईच्या व्यापाऱ्यासाठी इसवी सन. शके १८६९, फसली १३५७ आणि इसवी १९४७-४८ हे जवळपास एकच वर्ष. एकाच वहीत तिन्ही नांदत.

उधारी हा या दुकानाचा प्राण होता. कारकुनाचा पगार पहिल्या तारखेला, आणि सामान तर महिनाभर लागणार. तेव्हा नाव सांगावे, माल न्यावा. लग्नकार्यात शे-दोनशे रुपयांचे सामान घरी जाई आणि त्याची फेड वर्षभर चाले. ‘लिहून ठेवा’ या दोन शब्दांवर चालणाऱ्या या व्यवहाराविषयी आज मोठ्या गहिवराने बोलले जाते. तो गहिवर खोटा नाही. पण अपुरा आहे. ज्याच्याकडे बाकी थकली आहे त्याला दुसऱ्या दुकानी जाता येत नसे. तुरीत खडे निघाले तरी त्याने बोलायचे नाही, आणि भाव दोन आणे चढा लागला तरी मान डोलवायची. उधारीत विश्वास होता, तसा पाशही होता. गादीच्या मागे अंधाऱ्या कोठीत पोती उचलणारी दहा-बारा वर्षांची पोरे असत. त्यांच्या आठवणी कोणी लिहिलेल्या नाहीत. आणि ज्या पायऱ्यांचे वर्णन आताच केले, त्या चढण्याची मुभा सर्वांना नव्हती. खालीच उभे राहून, पैसे दुरून टाकून, माल दुरून घेणारे गिऱ्हाईकही याच बाजारात होते. त्यांच्या नातवंडांना आज मोठ्या दुकानात हवी ती वस्तू स्वतःच्या हाताने फळीवरून उचलता येते. जुन्या दुकानांसाठी हळहळणाऱ्याने हा हिशेबही मांडला पाहिजे.

मग ही दुकाने गेली कशी? मोठ्या दुकानांनी लहान दुकाने गिळली, हे उत्तर सोपे आहे. ते पुरे नाही. पहिला घाव पडला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी. तोपर्यंत हैदराबाद ही मराठवाड्याच्या पाचही जिल्ह्यांची राजधानी होती. हायकोर्ट इथे, सचिवालय इथे, उस्मानिया विद्यापीठ इथे. मनमाडहून येणाऱ्या मीटरगेज गाडीने परभणी-नांदेडचा माणूस काचीगुड्याला उतरे तो कोर्टाच्या तारखेसाठी किंवा मुलाच्या प्रवेशासाठी. आणि परतताना सुलतान बाजारातून लुगडे, पितळी भांडे, एखादे पुस्तक घेऊन जाई. राज्यपुनर्रचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, १९५८ साली औरंगाबादला विद्यापीठ निघाले. पुनर्रचनेची मागणी मराठी माणसाचीच होती आणि ती रास्तही होती. परंतु इथल्या दुकानाच्या दृष्टीने पाहिले तर त्याचे अर्धे गिऱ्हाईक एका रात्रीत परराज्यात गेले. कितीएक नोकरदार कुटुंबे बदली घेऊन मुंबई, पुणे, औरंगाबादकडे निघाली. त्यांची थकबाकी टपालाने येत राहिली, आणि काहींची आलीच नाही.

दुसरे कारण सांगताना दुःखाचा सूर लावता येत नाही. दुकानदारांची मुले शिकली. गादीवर बसून गणित पक्के झालेली मुले अभियंते झाली, बँकेत लागली, पुढे परदेशी गेली. बापाला दुकान चालवायला कोणी उरले नाही, म्हणून त्याने ते बंद केले. आणि त्या दिवशी तो दुःखी होता असे म्हणवत नाही. कित्येक दुकाने तोट्यात जाऊन बुडाली नाहीत. मुले मार्गी लागल्यामुळे ती मिटली. उरलेल्यांच्या वाट्याला वाढती भाडी आली, वाटण्यांचे दावे आले, आणि दिलसुखनगर, कुकटपल्ली, मियापूर अशा दूरदूरच्या वसाहतींत पांगलेले गिऱ्हाईक आले. ते वर्षातून एकदा, गणपतीच्या आधी, मुद्दाम सुलतान बाजारात येऊन जाई. वर्षातून एकदा येणाऱ्यावर दुकान चालत नाही.

मेट्रो रेल्वेचा मार्ग या बाजारातून जाणार हे ठरले, तेव्हा व्यापाऱ्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला. अखेर रस्ता रुंद झाला, दुकाने पाडली गेली, काही अर्धी कापली गेली. ज्युबिली बस स्थानक ते महात्मा गांधी बस स्थानक हा मार्ग ७ फेब्रुवारी २०२० रोजी सुरू झाला, आणि सुलतान बाजार हे त्यावरील एक स्थानक झाले. आता बाजार स्थानकाच्या नावात सुरक्षित आहे! त्याच वर्षी मोअज्जम जाही मार्केटची १९३५ सालची दगडी इमारत घासूनपुसून, दुरुस्त करून लोकांसाठी पुन्हा उजळण्यात आली, आणि ते काम उत्तम झाले आहे. इमारत जपण्याचे शास्त्र आहे, त्याचे जाणकार आहेत. चालते दुकान जपण्याचे शास्त्र मात्र कोणाला सापडलेले नाही. आबिड्सच्या इराणी हॉटेलांचेही तसेच झाले. ‘ओरिएंट’मध्ये मख्दूम मोहिउद्दीन यांच्यासारख्या कवींची बैठक बसे, मख्दूम यांची कविता छापील आहे, ती वाचता येते, पण ते टेबल कोणाला दाखविता येत नाही.

आणि ज्यांनी ही दुकाने गिळली असे म्हणतात, त्यांचे तरी काय झाले? आबिड्सला २००१ साली ‘बिग बझार’ उघडले तेव्हा ते पाहायला शहर लोटले होते. देशभरातील त्या नावाची दुकाने २०२२ साली बंद झाली. एकवीस वर्षे! बडी चावडीतल्या मध्यम प्रतीच्या किराणा दुकानाचे आयुष्यही याहून मोठे असे.

अर्थात, ज्यांच्यासाठी आज हळहळायचे ती दुकाने तरी अनादिकालापासून कुठे होती? २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला आणि काठची वस्ती वाहून गेली. पुढे १९१२ साली नगरसुधार मंडळ स्थापन झाले. त्याने दाट वस्त्या मोडल्या, रस्ते आखले, पथरगट्टीच्या दगडी कमानींखाली दुकानांच्या रांगा बांधल्या. त्या सुंदर कमानी आज ‘जुने हैदराबाद’ म्हणून छायाचित्रांत झळकतात. त्यांच्या जागी आधी जे बाजार होते, त्यांच्यासाठीही त्या काळी कोणी डोळे पुसले असतील. त्यांची नावनिशाणी आज नाही, आणि नसण्याचे कारण साधे आहे. त्यांचे कागद कोणी ठेवले नाहीत.

या भाषणाचा खरा मुद्दा इथे येतो. गेलेले दुकान परत आणता येत नाही, आणि आणूही नये. पण त्या दुकानाने रोज संध्याकाळी जे लिहून ठेवले, ते कुठे आहे? दर दिवाळीच्या पाडव्याला लाल कापडी पुठ्ठ्याच्या लांबट वह्या पूजून, पहिल्या पानावर ‘श्री’ काढून नवी कीर्द आणि नवी खतावणी सुरू होई. जुन्या वह्या माळ्यावर जात. पन्नास-साठ वर्षांचे दुकान म्हणजे तितक्या वह्यांची चळत, आणि तीही बहुतेक मोडीत. दुकान मोडताना फळ्या विकल्या जातात, तराजू विकला जातो, पितळी वजनांना तर आता शोभेच्या वस्तू म्हणून चांगला भाव मिळतो. आणि वह्या रद्दीत जातात. पूर्वी ती रद्दी पुन्हा दुसऱ्या दुकानात येई. खतावणीच्या पानात बांधलेली हळद घरी यायची आणि त्या पानावर कोणाच्या तरी घराचे वर्ष असायचे.

वर्ष म्हणण्याचे कारण असे की त्या पानावर खरोखर सगळे असे. एका महिन्यात डिंक, खारीक, सुंठ आणि बदाम एकदम वाढले की घरात बाळंतपण झाले. खण, नारळ आणि सुपाऱ्यांची मोठी रक्कम पडली की लग्न. दिवाळीच्या महिन्यात रवा नाही, साखर नाही, फक्त रोजचे तांदूळ आणि डाळ, म्हणजे त्या वर्षी घरात कोणी गेले. थोरांची चरित्रे या ग्रंथालयात आहेत, आणि ती असलीच पाहिजेत. परंतु हैदराबादेत शंभर वर्षे राहिलेल्या सामान्य मराठी घराचे चरित्र कुठे लिहिलेले असेल तर ते या खतावणीत. हैदराबाद मुक्तिसंग्रामावरील पुस्तकांनी कपाटाचे खण भरले आहेत. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत ज्वारी काय भावाने गेली, मिळाली की नाही, दुकान उघडे होते की फळ्या लावलेल्या, हे मात्र त्या पुस्तकांतून कळत नाही. त्या दिवसांचे कीर्दीचे पान सापडले तर कळेल. ते कोरे असले तरीही कळेल. १९५६ च्या अखेरीस एकामागून एक खाती कशी मिटत गेली, हेही तिथेच दिसेल.

अशा वह्या देताना वारस संकोचतात, आणि तो संकोच समजण्यासारखा आहे. त्यांत बाकी आहे, थकलेली देणी आहेत, आज प्रतिष्ठित असलेल्या घरांची ओढगस्त आहे. आजोबांचे गिऱ्हाईक उघडे पाडायचे नाही, ही भावना दुकानदारीच्या उत्तम परंपरेतलीच आहे. त्यावर मार्ग काढता येतो. ठराविक वर्षांपर्यंत वही बंद ठेवावी, नावे झाकून मजकूर अभ्यासकाला द्यावा. असे नियम अभिलेखागारांत असतात आणि ते ग्रंथालयालाही करता येतील. त्यासाठी लागेल ते एक लोखंडी कपाट, मोडी वाचू शकणारी दोन-तीन माणसे, आणि वहीला दाखलअंक देताना ‘हे काही पुस्तक नव्हे’ असे म्हणणार नाही असा ग्रंथपाल. वह्यांबरोबर बिलांचे मथळे, नाव छापलेल्या पिशव्या, भिंतीवरची दिनदर्शिका, दुकानापुढे काढलेले छायाचित्र, हेही घ्यावे. देणाऱ्याने एवढेच करावे की पानांना चिकटपट्टी लावू नये, बांधणी उसवू नये, आणि दुकान नेमके कुठे होते, कोणाच्या शेजारी, कोणत्या साली बंद झाले, हे वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहून सोबत द्यावे.

माळे बहुतेक रिकामे झाले असतील. तरीही रविवारी सकाळी आबिड्सच्या पदपथावर जुन्या पुस्तकांचे ढीग लागतात, आणि शहरभरच्या रद्दीतले निवडक तिथे येऊन पडते. सभासदांपैकी जे कोणी तिकडे कादंबऱ्या चाळायला जातात, त्यांनी ढिगाच्या तळाशी लाल कापडी पुठ्ठ्याची एखादी लांबट वही दिसते का, तेवढे पाहून यावे.